नदीचे तुकडे

"पण बाई, प्रत्येक तुकड्याचं उत्तर बरोबर असेल, तर सगळी नदी चूक कशी?"

सन्मती मगदूमनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता तो पुढे बोलत राहिला.

शेवडेबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या. उजवा हात कानामागे धरलेला. ऐकू कमी येऊ लागल्यापासून ही त्यांची सवय. समोरच्याचं बोलणं संपलं तरी तो हात त्या लगेच खाली घेत नसत. त्यामुळे बोलणाऱ्याला वाटे, आपलं काहीतरी सांगायचं राहिलंय...

कोल्हापूरच्या कॉलेजात बाईंनी आयुष्यभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका लहान घरात येऊन राहिल्या. गावातल्या मुली संध्याकाळी वह्या घेऊन येत. तेवढंच आता शिकवणं.

सन्मती त्यांचा जुना विद्यार्थी. पुण्यातल्या एका संस्थेत तो महासंगणकावर पुराचं गणित करी. धरणातून पाणी सुटलं की खाली कुठल्या गावात ते कधी पोचेल, कुठल्या गल्लीत किती चढेल, हे पाणी यायच्या आधी सांगायचं. त्यासाठी नदीचं पात्र, काठचे मळे, गल्ल्या, सगळ्याचे कोट्यवधी चिमुकले चौकोन करायचे. एका चौकोनातलं पाणी शेजारच्या चौकोनातल्या पाण्यावर अवलंबून. म्हणजे कोट्यवधी समीकरणं, एकमेकांत हात गुंफून उभी. आणि पाणी जरा पुढे सरकलं की ती सगळी पुन्हा नव्यानं.

अशी समीकरणं एका फटक्यात सुटत नाहीत. अंदाज करायचा, किती चुकलं ते बघायचं, सुधारायचं, पुन्हा बघायचं. फेरीमागून फेरी. मात्र प्रत्येक फेरीत प्रश्नाची थोडी मशागत केली तर फेऱ्या कमी लागतात. या विद्येतले लोक त्याला प्रीकंडिशनर म्हणतात. बाई वर्गात मशागतच म्हणत. खऱ्या प्रश्नाच्या शेजारचा एक सोपा प्रश्न घ्यायचा, तो झटकन सोडवायचा, आणि त्या उत्तराच्या आधारानं खऱ्या प्रश्नात एक पाऊल पुढे जायचं.

सन्मतीनं केलेली मशागत नावाजलेली होती. त्यानं नदीचे शेकडो तुकडे केले आणि एकेक तुकडा महासंगणकातल्या एकेका यंत्राला दिला. प्रत्येक यंत्र आपापला तुकडा नांगरतं. शेजाऱ्याकडे बघत नाही, शेजाऱ्यासाठी थांबत नाही. परिषदांमध्ये लोक याविषयी त्याला थांबवून विचारत, आणि तो चालता चालता उत्तरं देई.

मग संस्थेला आणखी यंत्रं मिळाली. सन्मतीनं नदी आणखी बारीक कापली. काम झपाट्यानं व्हायला हवं होतं.

ते मंदावलं.

एकेक तुकडा चुटकीसरशी सुटत होता. पण सगळे तुकडे एकमेकांशी जुळायला लागणाऱ्या फेऱ्या वाढत चालल्या होत्या. उद्याच्या पुराचं उत्तर परवा हातात येत होतं.

पावसाळा तोंडावर आला होता. संगमाच्या खाली, अगदी काठावर उमळगाव होतं. सन्मतीचं गाव. ते नाव त्यानं काढलं नाही. बाईंना ते माहीत होतं.

तो विचारायला आला होता, पण उत्तरही बरोबर घेऊनच आला होता. आणखी यंत्रं हवीत, एवढंच बाईंनी म्हणावं. बाईंचा शब्द संस्थेत अजून मानला जाई.

"यंत्रं मिळाली, समज," बाई म्हणाल्या. "मग?"

"आणखी तुकडे करीन."

"मग?"

"प्रत्येकाचं काम आणखी कमी होईल."

"आणि फेऱ्या?"



बाईंचा हात कानामागेच होता...

तेवढ्यात शेजारच्या हौसाबाई आणखी काही बायकांना घेऊन आल्या. संध्याकाळी बाईंच्या अंगणात गणितात चांगले गुण मिळवलेल्या मुलींचं कौतुक करायचं होतं. देवळातलं मोठं जाजम आणलं होतं. ते अंगणाला जेमतेम पुरणारं, जुनं आणि जड. बायकांनी ते उलगडलं आणि चहूबाजूंनी धरलं. एक कोपरा तसाच लोंबकळत राहिला.

बाईंनी सन्मतीकडे पाहून त्या कोपऱ्याकडे बोट केलं.

तो उठला. मनातून त्याला राग आला होता. पुण्याहून तो जाजम अंथरायला आला नव्हता. पण बाईंना नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं, आताही जमलं नाही.

कोपरा मात्र त्यानं नीट धरला. जे करील ते नीट करायचा स्वभाव. आपल्या बाजूच्या सुरकुत्या त्यानं हातानं साफ केल्या, काठ अंगणाच्या फरशीला समांतर आणला, आणि मान वर करून पाहिलं.

जाजमाच्या मधोमध मोठी घडी उभी होती.

पलीकडच्या बाईनं आपली बाजू ओढली. घडी हौसाबाईंकडे सरकली. हौसाबाईंनी झटकली. घडी सन्मतीकडे आली. त्यानं ती पुन्हा साफ केली, आणि ती पुन्हा मध्ये जाऊन उभी राहिली. जो तो आपली बाजू सरळ करत होता. प्रत्येकीची बाजू सरळ होतही होती. आणि जाजम एकूण तिरकं होत तुळशीवर चढत होतं.

"माझी बाजू सरळ आहे बाई," सन्मती म्हणाला. "मधल्यांनी नीट धरलेलं नाही."

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून ओसरीच्या वरच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथून सगळं अंगण दिसत होतं.

त्यांनी सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं. आपापली बाजू बघू नका म्हणाल्या. मग दोन्ही हात पुढे करून, कापड धरल्यासारखे, त्यांनी ते सावकाश विहिरीकडे वळवले.

"सगळे मिळून इकडं... थोडंसंच. नेमकं नको."

सगळ्यांनी जाजम उचलून तेवढं वळवलं आणि ताणलं. मोठी घडी विरून गेली. तुळस मोकळी झाली.

"आता आपापलं बघा. शेजारणीच्या हातापर्यंत."

प्रत्येकीनं आपल्या बाजूच्या बारीक सुरकुत्या काढल्या, आणि शेजारणीनं जिथं धरलं होतं तिथवर हात फिरवला. क्षणात जाजम पसरलं.

बायका हात झटकून बाजूला झाल्या. सन्मती कोपरा धरून तसाच उभा होता. बसायला आलेल्या मुली त्याच्याकडे बघत थांबल्या.

"सोड आता," बाई म्हणाल्या.

त्यानं सोडलं.

कार्यक्रम होईपर्यंत तो मागे भिंतीला टेकून बसला. मुलींची नावं पुकारली जात होती, टाळ्या वाजत होत्या, त्याचं लक्ष नव्हतं. निघताना त्यानं बाईंना नमस्कार केला. यंत्रांचा विषय काढला नाही. बाईंनीही काढला नाही.

पुण्याला परतल्यावर त्यानं आपली नावाजलेली मशागत मोडली.

आता शेजारशेजारच्या तुकड्यांच्या कडा एकमेकांवर थोड्या चढू दिल्या, म्हणजे मधली पट्टी दोघांच्याही मालकीची. आणि सगळ्या नदीचं एक लहानसं रूप तयार केलं, ज्यात एकेका तुकड्याच्या वतीनं मोजकेच आकडे. प्रत्येक फेरीत आधी ही लहान नदी सोडवायची, म्हणजे धरणाजवळच्या तुकड्याला काय झालं ते उमळगावच्या तुकड्याला लगेच कळेल. नाहीतर ती बातमी दर फेरीला एक शेजार ओलांडत सरकायची.

फेऱ्या धडाधड कमी झाल्या. सन्मतीनं सहकाऱ्यांना बोलावून दाखवलं.

पण वेळ वाचला नाही.

लहान नदी सुटेपर्यंत सगळी यंत्रं हातावर हात ठेवून बसत होती. सन्मतीनं ती लहान नदी फार काळजीपूर्वक घडवली होती. कुठलं वळण सुटू नये, कुठलाही ओढा राहू नये. लहान म्हणता म्हणता ती मोठी झाली होती, आणि तिचं उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत काढल्याशिवाय तो पुढे जात नव्हता.

त्यानं बाईंना फोन लावला. बाईंना फोनवर फारच कमी ऐकू येई. त्याला सगळं ओरडून, दोनदोनदा सांगावं लागलं. लहान नदी किती अचूक आहे, हेही त्यानं सांगितलं.

फोन बंद पडला की काय, असं त्याला वाटलं...

"सन्मती."

"हं, बाई."

"तिला थोडं चुकू दे."

"चुकू देऊ? बाई, लोकांच्या घरात पाणी येणार आहे. मी चूक कशी ठेवू?"

"शेवटच्या उत्तरात ठेव म्हणाले का मी?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मशागत आहे ती," बाई म्हणाल्या. "पीक नाही."

फोन ठेवला गेला.

सन्मती पडद्याकडे वळला. मग त्यानं लहान नदीतली वळणं पुसायला सुरुवात केली. ओढे काढले. हात चालत नव्हता. लहानपणापासून त्याला अचूकतेबद्दलच शाबासकी मिळाली होती. शाळेत, कॉलेजात, बाईंच्या वर्गातही. आता तो स्वतःच्या हातानं उत्तर ढोबळ करत होता, आणि तेही बाईंच्याच सांगण्यावरून.

लहान नदी खरोखर लहान झाली. तिचं उत्तर तो आता अर्धवटच काढून तुकड्यांना देऊ लागला. ते चुकीचं होतं, पण चूक सगळीकडे सारखी पसरलेली, सौम्य. उरलेलं तुकडे आपापसांत निस्तरत होते. फेऱ्या जराशा वाढल्या. प्रत्येक फेरी मात्र झरझर पार पडू लागली. शेवटी खऱ्या समीकरणांत आकडे घालून त्यानं ताळा पाहिला. उत्तर जितकं अचूक हवं होतं तितकंच होतं.

सकाळी सुरू केलेलं गणित, चहा पिऊन येईपर्यंत संपलेलं असे. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा त्याला वाटलं, काहीतरी बिघडलंय.

त्या वर्षी श्रावणात घाटावर पाऊस हटला नाही. धरण भरलं. दरवाजे उघडावे लागतील, असा निरोप सकाळी संस्थेत आला. सन्मतीनं आकडे घातले. पूर्वी असं गणित लावलं की दिवस निघून जाई. त्या दिवशी तासाभराच्या आत नकाशा समोर होता.

उमळगावची खालची गल्ली निळी दिसत होती, म्हणजे पाण्याखाली.

धरणावरच्या अधिकाऱ्यांना, तहसील कचेरीला, गावच्या सरपंचांना फोन गेले. खालच्या गल्लीतल्या लोकांना ते पटेना. पाणी अजून पात्रातच होतं, आणि गावावर ऊन पडलं होतं. पण सरपंच जुन्या पुरात पोळलेले होते. ट्रॅक्टर लावून त्यांनी माणसं वरच्या शाळेत हलवली. जनावरं सोडवून माळावर नेली. कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं.

दिवेलागणीला पाणी पात्राबाहेर पडलं. नकाशानं दाखवलेल्या वाटेनंच ते आलं, पहिल्यांदा स्मशानाकडून, मग मळ्यातून, मग गल्लीत. सकाळी लोकांनी शाळेच्या गच्चीवरून पाहिलं, तेव्हा खालच्या गल्लीतल्या बहुतेक घरांची फक्त कौलं दिसत होती.

कौलांखाली कुणीही नव्हतं.

पाणी ओसरल्यावर सन्मती गावी जाऊन आला. घरं उपसायला हात लावले, चिखल काढला. आणि परतताना वाट वाकडी करून पन्हाळ्याच्या पायथ्याशी आला.

बाई ओसरीवर मुलींच्या वह्या तपासत होत्या. त्यानं पेढ्यांचा पुडा पुढे ठेवला आणि पायांवर डोकं टेकवलं. नेहमीसारखं वाकून उठला नाही. तसाच राहिला. बाईंच्या पायांना ओल लागली.

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तो उठून बसला, तेव्हा त्यानं बोलायला सुरुवात केली. घडलेलं सगळं सांगितलं. संस्थेत त्याचा सत्कार ठरला होता, आणि तिथं तो बाईंचं नाव घेणार होता. हे सगळं तुमच्यामुळे झालं, असं त्याला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. बाईंनी यावं, गाडी पाठवतो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. येणार नाही म्हणाल्या.

"का, बाई?"

"आभार मानायला तू आलास... पण मला मानायचे आहेत."

सन्मतीला कळेना.

बाईंनी अंगणाकडे पाहिलं. मग सावकाश बोलू लागल्या. इतकी वर्षं त्यांनी फळ्यावर समीकरणं लिहिली आणि तास संपला की आपल्याच हातानं पुसली. मुलं पास होऊन निघून गेली. त्या खडूतून कधी कुणाच्या दारापर्यंत काही गेलं का, हे त्यांना कळलं नव्हतं. विचारायचं तरी कुणाला? त्यांची वहिनी गमतीनं म्हणायची, तुमच्या गणितानं चूल पेटत नाही. बाई हसून सोडून देत. पण रात्री ते आठवे.

"आणि तू मला गल्ली आणून दिलीस," बाई म्हणाल्या.

त्यांनी वह्या बाजूला सारल्या आणि हात कानामागे धरला.

"कोण कोण होतं तिथं? सांग मला. नावानं सांग."

सन्मती सांगू लागला. कोपऱ्यावरचे बाहुबली आण्णा, ज्यांना दम्यामुळे चार पावलं चालवत नाहीत. त्यांची सून, नुकतीच बाळंत झालेली. बाळाचं नाव अजून ठेवलेलं नाही. पलीकडे इस्माईल पेंटर आणि त्यांची आई, दोघंच. मग पार्वतीकाकूंचं घर, तिथं भाड्यानं राहणाऱ्या दोन शाळामास्तरणी. मग नेमगोंडा, ज्याला दिसत नाही, पण जो गल्लीतल्या प्रत्येकाला पावलांवरून ओळखतो...

प्रत्येक नावानंतर बाई थांबवत. आता कुठं आहेत विचारत. शाळेत आहेत, पाहुण्यांकडे गेलेत, परत आलेत, असं तो सांगे. बाई मान हलवत आणि म्हणत, "पुढं."

गल्ली संपत आली.

"शेवटचं घर माझ्या आत्याचं," सन्मती म्हणाला. "चंपाआत्या. एकटीच असते."

"ती कशी आहे?"

सन्मती जरा ओशाळला. आत्याचं घर गल्लीच्या चढाच्या टोकाला, उंच जोत्यावर, बाकीच्यांपेक्षा पुष्कळ वर. नकाशात तिच्या घरात वीतभर पाणी दाखवलं होतं. प्रत्यक्षात पाणी उंबऱ्याला लागलं आणि फिरलं. घरात थेंब गेला नाही. तिला मात्र चौघांनी उचलून ट्रॅक्टरमध्ये बसवलं होतं. शाळेत रात्रभर ती बाकावर बसून राहिली, कंबर धरली, आणि घाईत उघडी राहिलेली पापडांची पाटी सर्दावून गेली. तो भेटायला गेला, तर तिनं तोंड फिरवलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'पाणी उंबऱ्यापतुर आलं आन् मागं फिरलं. मला ठावं हुतं. तुझं गणित ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी.'"

बाईंच्या तोंडावर हसू पसरलं.

"मी माफी मागितली," सन्मती म्हणाला. "वीतभराची चूक झाली म्हणालो. ऐकत नाही. सगळ्या गावाला सांगत सुटलीय. या जन्मात तुझ्याशी बोलणार नाही म्हणते."

बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. पदर ओला झाला तरी हसणं थांबेना. सन्मती त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यालाही हसू आलं.

बऱ्याच वेळानं बाईंनी हात कानामागून खाली घेतला.

"रागावू दे रे तिला," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वर्षं रागावू दे."